मंगळवार-शुक्रवारचे पणजोबा

थो पणजोबा दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी वारायचे. तेही सकाळी साडेदहाच्या ठोक्याला, कारण पाहुण्यांची गाडी किम लोंगच्या नाक्यावर सव्वादहाला लागायची आणि तिथून बोळातनं चालत यायला, मध्ये दोनदा फोटोला थांबून, पंधरा मिनिटं जायची. ह्वेसारख्या जुन्या राजधानीत आजवर राजे मेले, राण्या मेल्या, पण घड्याळ लावून कुणी मेलं नव्हतं.

लाम दारात उभा असायचा. अंगात निळा रेशमी अंगरखा, डोक्याला काळं पागोटं, तोंडावर पर्यटन कंपनीनं शिकवलेलं हसू.

"या, या! काय नशीब हो तुमचं! नेमकं आज आमच्या पणजोबांचं श्राद्ध!"

पाहुण्यांचे हात छातीशी जायचे. "अरे देवा! आम्ही भलत्या वेळी आलो का?"

"छे हो! श्राद्धाच्या दिवशी दारात आलेल्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही, अशी आमच्याकडची रीत आहे."

एवढं एक वाक्य खरं होतं. बाकी सगळा मसाला. पणजोबा राजाच्या ग्रंथालयात अधिकारी होते, पावा वाजवायचे, राणीच्या दासीवर त्यांचा जीव जडला आणि मग ते कुढून कुढून गेले, हे कंपनीनं लिहून पाठवलं होतं. कागदावर दासीच्या नावापुढे कंसात सूचना होती : येथे आवाज कापावा. लामचा कापायचा. तो एकवीस वर्षं गाईड होता, राजांच्या थडग्यांवर भर उन्हात उभा राहून घसा फोडून बोललेला माणूस. आवाज कापवणं त्याला काय जड? त्याची बायको न्यान तेवढ्यात डोकं-पायांसकट उकडलेली कोंबडी, चिकट भात आणि कमळबियांची खीर आणून मांडायची. पाहुणे तीन-तीन उदबत्त्या ओवाळायचे, डोळे पुसायचे, बिअर प्यायचे आणि जाताना पाच तारे देऊन जायचे.

हे सुरू झालं त्याला लामचा चांगुलपणा कारण. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बाबांचं श्राद्ध होतं. खरं, तिथीचं. बाबा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्या दिवशी त्याच्याकडे कॅनडाचं एक जोडपं होतं, त्यांना किल्ला दाखवून झाला आणि लामला घरी पळायचं होतं. त्यांना टाकून जाणं बरं दिसेना, म्हणून म्हणाला, चला घरी, दोन घास खा. ती दोघं जेवली, आईच्या गळ्यात पडून रडली आणि हॉटेलवर जाऊन त्यांनी असं काही लिहिलं की लामचं नाव कंपनीच्या यादीत एका रात्रीत वर गेलं.

दुसऱ्या दिवशी सायगॉनहून साहेबीणबाईंचा फोन. नाव क्वेन.

"वय काय हो तुमचं?"

"एक्केचाळीस."

"मी एकोणतीस. मग तुम्ही दादा. लामदादा, तुमच्या घरी अजून किती माणसं मेलीत?"

लामनं बोटं मोजली. "बाबा, आजोबा, दोन्ही आज्या, एक आत्या. वर्षाला पाच श्राद्धं होतात, ताई." वयानं धाकटी असली तरी पगार तिच्याकडून यायचा, म्हणून ताई.

"वर्षाला पाच? दादा, मला आठवड्याला दोन हवीत."

"अहो ताई, तेवढी माणसं आमच्या घराण्यात जन्मलीच नाहीत, मरतील कुठून?"

"मग एकच चांगला घ्या आणि तोच चालवा," क्वेन म्हणाली. "आणि दादा, जरा जुना बघा. दरबारी असला तर सोन्याहून पिवळं. लोक ह्वेला दरबारासाठी येतात."

आता ह्वेमध्ये दरबारी पूर्वज नसलेलं घर शोधायचं म्हणजे कंदील घेऊनच निघावं लागेल. चहाच्या टपरीवर चार माणसं बसली तर त्यांतले तीन राजाचे वंशज आणि चौथा राजाच्या हत्तीचा. दुर्दैवानं लामचं घराणं चटया विणणाऱ्यांचं. आजोबांपर्यंत पाच पिढ्या चटया. तेव्हा रविवारच्या जुन्या बाजारात जाऊन त्यानं घड्याळं विकणाऱ्या बाईकडून एक फोटो आणला. पागोटं, बोकडदाढी, डोळे असे की आत्ता रडेल. पैसे फ्रेमचे घेतले, माणूस फुकट.

"नाव काय ठेवायचं?" लामनं विचारलं.

"थो ठेवा," न्यान कोंबडी सोलता सोलता म्हणाली. "थो म्हणजे दीर्घायुष्य. या बाबाला आता पुष्कळ जगायचंय."

आईनं फोटो हातात घेतला, बाहीनं काच पुसली. "कुणाचा कोण हा? याच्या घरचे याला उदबत्ती लावायला शोधत असतील रे."

"आई, शंभर वर्षं झाली असतील त्याला. कोण शोधतंय!"

"तुला काय माहीत," आई म्हणाली आणि फोटो उलटा करून ठेवून आत गेली.

पहिल्यांदा थो पणजोबा ओटीवर वेगळ्या टेबलावर बसले. मग कंपनीचा फोटोवाला आला. त्याला ओटीवर उजेड नको तिकडून यायला लागला, म्हणून पणजोबा मधल्या खोलीत, पितरांच्या खऱ्या देव्हाऱ्यात गेले. देव्हाऱ्यात बाबांचा फोटो होता. एका लग्नातला, रंगीत. उसना लाल टाय आणि तोंड उघडून हसतायत, एक सोन्याचा दात चमकतोय.

"हे काढा," फोटोवाला म्हणाला. "मेलेला माणूस एवढा हसतो का कुठे? लोकांचा विश्वास बसायचा नाही."

नुसता फोटो काढून भागत नाही. फोटोपुढचं उदबत्त्यांचं भांडं, राखेनं भरलेलं, तेच खरं. भांडं जिथे तिथे माणूस. ते हलवायचं तर मेलेल्याला विचारावं लागतं : दोन नाणी बशीत टाकायची, एक पालथं एक उताणं पडलं तर 'हो', दोन्ही सारखी पडली तर 'नाही'. लामनं विचारलं. बाबा दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा हो म्हणाले, आणि लामनं लगेच बशी उचलून ठेवली, न जाणो त्यांचं मन बदललं तर. अशा रीतीनं बाबा गच्चीवर गेले, पाण्याच्या टाकीशेजारी, वाळत घातलेल्या कपड्यांखाली. ह्याला म्हणतात आयत्या बिळावर नागोबा.  आई त्या दिवसापासून रोज सकाळी गुडघे धरत जिना चढायला लागली, हातात चहाचा एक कप घेऊन.

गेल्या वर्षी बाबांचं श्राद्ध आलं ते मंगळवारी. लामनं ते गच्चीवरच उरकलं, घाईघाईत, पाहुणे गेल्यावर. पणजोबांची उरलेली कोंबडी गरम करून वर नेली. 

पणजोबांचं मात्र चांगलंच बस्तान बसलं. आठवड्यातून दोनदा कोंबडी, दोनदा खीर, चाळीस-चाळीस उदबत्त्या. एवढं राजालाही मिळालं नसेल. शेजारच्या बाया लॉटरीचा आकडा विचारायला येऊ लागल्या. एकीचा लागलाही, मग काय विचारता! आणि एका शुक्रवारी, ऐन पाहुण्यांच्या पंगतीत, त्राक काका आले.

त्राक काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, वय शहात्तर, निवृत्त हेडमास्तर, कुळाचे प्रमुख. वंशावळीचं बाड त्यांच्या ताब्यात. पुतण्यानं घराची खानावळ केलीय असं ऐकून ते काठी आपटत जाब विचारायला आले होते. दारातच थबकले. समोर चौदा गोरी माणसं गुडघे टेकून वाकलेली.

"हे कोण?" काकांनी फोटोकडे काठी रोखली.

 पाहुण्यांचा भाषांतर करणारा फोन चालू होता, खरं बोलायची सोयच नव्हती. "पणजोबा, काका. थो पणजोबा."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बराच वेळ बघत राहिले. लामला वाटलं, आता काठी डोक्यात.

"तरीच!" काका म्हणाले. "चौथ्या पिढीची दोन पानं वाळवीनं खाल्लीत. मी कायम म्हणायचो, तिथे कुणीतरी मोठा माणूस असणार. वाळवी उगाच खात नाही. नाक बघ, नाक! आपलंच आहे."

महिन्याभरात थो पणजोबा बाडात चढले, वाळवीच्या जागेवर, लाल शाईनं. चटया विणणाऱ्यांचं घराणं दरबारी झालं. काकांनी कार्डं छापून घेतली : 'राजग्रंथपाल थो यांचे पणतू'. चुलत भाऊ, मावस भाऊ, ज्यांनी बाबांच्या आजारपणात औषधाची बाटली आणली नव्हती, ते सगळे पणजोबांच्या पंगतीला येऊ लागले. क्वेन खूश. आता पाहुण्यांना खरे नातेवाईक फुकट मिळत होते.

लामला हे सगळं खुपत नव्हतं असं नाही. पण धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. तो स्वतःला म्हणायचा, अजून एक मोसम.

यंदा बाबांची तिथी आली शुक्रवारी. आठ दिवस आधी आई चहाचा रिकामा कप घेऊन गच्चीवरून खाली आली आणि लामसमोर बसली.

"शुक्रवारी तुझ्या बापाचं श्राद्ध खाली होणार. मधल्या खोलीत. तिथीला, वेळेला, पहिल्या वाफेच्या भातानं."

"आई, शुक्रवारी सोळा माणसं आहेत. बाबांचं आपण दुपारी एकला..."

"उरलंसुरलं? मागच्या वर्षीसारखं?"

लाम भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागला.

"मी दा नांगच्या गाडीचं तिकीट काढलंय," आई म्हणाली. "शुक्रवारी दुपारचं. तुझ्या बापाला खाली जागा मिळाली तर मी तिकीट फाडीन. नाही मिळाली तर त्याचं भांडं लाल फडक्यात बांधून धाकट्याकडे घेऊन जाईन. तो गाड्या धुतो, पण बापाला टाकीपाशी ठेवायचा नाही."

 थोरल्या मुलाच्या घरातनं बापाचं भांडं उचलून धाकट्याकडे जाणं म्हणजे काय, हे ज्याच्या त्याला कळतं. मग तो थोरला उरतो फक्त जन्मदाखल्यावर. पण लामला भीती लोकांच्या बोलण्याची नव्हती. बाबा खरंच जातील आणि जाताना तसेच हसत जातील, हे त्याच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्याला सहन होईना.

त्यानं फोन लावला. "ताई, येत्या शुक्रवारी जमायचं नाही. घरी श्राद्ध आहे."

"हो, माहीत आहे ना! साडेदहाला."

"ते नव्हे. खरं श्राद्ध. माझ्या बाबांचं."

"दादा, छानच की! दोन श्राद्धं एकाच दिवशी! एक खाली, एक वर. वरच्याचे वेगळे पैसे लावू."

"ताई, मी पाहुण्यांना थडग्यांवर नेतो, नदीवर नेतो, म्हणाल तिथे नेतो. घरी नको."

"दादा," क्वेनचा आवाज साखरेत घोळलेला, "तुमच्या नावापुढे आपण 'मनमिळाऊ' लिहिलंय. मनमिळाऊ माणूस 'नको' म्हणतो का?"

लामनं आयुष्यात पहिल्यांदा साहेबिणीचा फोन मध्येच ठेवला. मग न्यानला म्हणाला, "थोला ओटीवर हलव. बाबांना खाली आणतो." न्याननं हातातली सुरी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे वर-खाली पाहिलं. "उजाडलं म्हणायचं," ती म्हणाली आणि बाजारात गेली. येताना बाबांना आवडणाऱ्या शिंपल्या आणल्या, कोलंबीची उग्र चटणी आणली. पाहुण्यांना वास सहन होत नाही म्हणून ती चटणी वर्षभर घरात आली नव्हती.

शुक्रवार उजाडला. देव्हारा पुसला, फुलं ठेवली, कोंबडी मांडली. आई जिन्याच्या तोंडाशी बसून होती. मांडीवर लाल फडकं, फडक्यात भांडं, शेजारी पिशवी. सगळं मांडून झालं की ती स्वतःच्या हातानं भांडं देव्हाऱ्यात ठेवणार होती. गाठ मारलेली नव्हती, एवढंच काय ते.

दहा वाजता त्राक काका आले, मागे सतरा-अठरा नातेवाईक. काकांच्या अंगात पणजोबांसाठी शिवलेला नवा अंगरखा. आले ते ओटीवरच अडखळले.

"पणजोबा इथे चपलांपाशी?" काका ओरडले. "कुणी ठेवले?"

"मी, काका. आज बाबांचा दिवस आहे."

"किएमचा दिवस आहे हे मला ठाऊक आहे! माझा भाऊ होता तो. पण धाकट्याला जेवायला बोलवताना थोरल्यांना आधी बोलवायचं असतं, एवढं तरी कळतं का? दरबारी माणूस बाहेर आणि किएम आत? उचला रे त्यांना!"

दोघा चुलतभावांनी थोला भांड्यासकट उचललं आणि आत आणून देव्हाऱ्याच्या मधोमध बसवलं. बाबांचा फोटो सरकून सरकून फुलदाणीमागे गेला. सोन्याचा दात तेवढा पाकळ्यांतनं दिसत होता. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो असा. आणि हे चालू असतानाच बोळातनं आवाज आला, "या, या! काय नशीब हो तुमचं!" क्वेन स्वतः सायगॉनहून आली होती. मागे सोळा पाहुणे.

कुणाला थांबवणार? श्राद्धाच्या दिवशी दारात आलेल्याला परत पाठवायचं नसतं, हे लामनंच जगाला शिकवलं होतं. पाहुणे बसले. काका चटईवर बसले, हात जोडले आणि खणखणीत आवाजात बोलावणं सुरू केलं, "राजग्रंथपाल थो, आमचे परमपूज्य पणजोबा, यावं, प्रथम आपण यावं..."

जिन्यापाशी आईनं फडक्याची दोन टोकं उचलली आणि पहिली गाठ मारली.

लामनं ते पाहिलं. "काका, थांबा!"

काका थांबले नाहीत. पूजेत थांबत नसतात.

"काका, तो आपला कुणी नाही!" लाम एवढ्या मोठ्यानं ओरडला की एका पाहुणीच्या हातनं उदबत्ती पडली. "तो फोटो मी रविवारच्या बाजारातनं आणला. फ्रेमसकट. नाव न्याननं ठेवलं. दासी कंपनीनं लिहून दिली. तो कुणाचा पणजोबा असेल तो असो, आपला नाही. आपण चटया विणणारे."

क्वेन पाहुण्यांकडे वळून गोड इंग्रजीत म्हणाली, "ते फार भावुक झालेत."

काका सावकाश उठले. तोंड लाल. "बाजारातनं? माझं नाक बाजारातनं आणलंस तू?"

"काका, नाक सगळ्यांनाच असतं."

"वंशावळीत नाव आहे त्यांचं!"

"ते तुम्ही लिहिलंत! मागच्या उन्हाळ्यात!"

"मी लिहिलं कारण वाळवीनं खाल्लं होतं!" काकांनी काठी आपटली. "तुझ्याशी वाद कोण घालतोय. खुद्द त्यांनाच विचारतो. नाणी आणा."

बशी आली, नाणी आली. सगळं घर पुढे झुकलं. पाहुण्यांचे सोळा फोन वर. "पणजोबा, आपण आमच्या कुळाचे ना?" काकांनी नाणी टाकली. दोन्ही उताणी. म्हणजे नाही.

"हसतायत," काका म्हणाले. "या गाढवाला हसतायत." परत टाकली. दोन्ही पालथी. "रागावलेत." परत टाकली. एक नाणं बशीतनं उडून कोंबडीच्या पंखाखाली गेलं. चुलतभावानं ते काढलं, पुसलं आणि बशीत ठेवलं, उताण्याशेजारी पालथं.

"हो म्हणाले!" काका गरजले. नातेवाईकांनी जोरात सुस्कारा टाकला. तीन पिढ्यांचं नातं वाचलं होतं.

"आता ऐक," काका लामकडे वळले. "ज्या घरात पणजोबांना बाजारू म्हणतात, त्या घरात आमच्या कुळाचं भांडं राहणार नाही. आत्ताच्या आत्ता उचलतो."

लामनं आईकडे पाहिलं. आईनं फडकं पोटाशी धरलं होतं. खरं बोलून तो बापाला वाचवायला गेला आणि खरं बोलल्यामुळेच बाप चालला. तो धावत जिन्यापाशी गेला आणि आईच्या पुढे हात पसरून उभा राहिला.

"काका, पाया पडतो. बाबांना नेऊ नका. मी थोरला आहे."

"किएमला?" काका गोंधळले. "किएमला कोण नेतंय? त्याचं काय करायचंय आम्हाला? तो तुझा बाप, तू बघ." आणि त्यांनी दोन्ही हातांनी थो पणजोबांपुढचं भांडं उचललं.

मग काय ती निघाली मिरवणूक! पुढे काका भांडं घेऊन, वर पिवळी छत्री धरलेली, मागे फोटो, त्यामागे कोंबडी, कारण कोंबडी पणजोबांसमोर मांडलेली होती, मग अख्खं कुळ. बोळातल्या बायका दारात येऊन हात जोडत होत्या. पाहुणे हरखले, एवढं तर माहितीपत्रकात लिहिलेलंही नव्हतं. सगळ्यांत शेवटी क्वेन. दारात थांबली.

"लामदादा, वाईट वाटून घेऊ नका, पण आजपासून मंगळवार-शुक्रवार काकांकडे. त्यांच्याकडे अंगणही मोठं आहे."

"ताई, सावकाश जा," लाम म्हणाला. "पुढे पायरी आहे."

घर रिकामं झालं. आईनं गाठ सोडली, भांडं उचलून देव्हाऱ्यात ठेवलं, बाबांना फुलदाणीमागनं काढून मधोमध आणलं. तिकिटाचे चार तुकडे करून राखेत टाकले. लामकडे तिनं पाहिलंही नाही. न्याननं शिंपल्या आणल्या, भात आणला, चटणी आणली. अठरा माणसांचं जेवण आणि जेवायला तिघं.

तिघं नव्हे, चौघं. कोपऱ्यात एक हॉलंडचा म्हातारा बसून राहिला होता. गुडघा धरला होता म्हणून त्याला मिरवणुकीबरोबर जाता आलं नव्हतं. न्याननं त्याच्यापुढे वाडगं ठेवलं. त्यानं चटणीचा वास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, तरी खाल्ली. मग जेवायच्या काड्यांनी देव्हाऱ्याकडे खूण केली.

"हे हसणारे कोण?"

लामनं तोंड उघडलं. एकवीस वर्षं ज्या तोंडानं तेरा राजांची कुळं घडाघडा सांगितली, त्यातनं शब्द फुटेना. थोबद्दल तो तासभर बोलायचा. बाबांबद्दल त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं, आणि त्यानंही सांगितलं नव्हतं.

"माझे बाबा," तो म्हणाला. "सायकली दुरुस्त करायचे." आणि अडकला.

"काय विचारतोय तो?" आईनं विचारलं.

"बाबा कोण होते, विचारतोय."

आईनं वाडगं खाली ठेवलं. "मग सांग की. लबाड होता म्हणावं. त्यानं लावलेलं पंक्चर बरोबर महिन्यानं सुटायचं."

लामनं सांगितलं. म्हातारा हसला.

"आणि सांग, हा लाम झाला तेव्हा रेशनचे दिवस होते. तेव्हा या वेड्यानं महिनाभर सगळ्यांच्या सायकली फुकट दुरुस्त केल्या. जो येईल त्याला म्हणायचा, पैसे नकोत, मला मुलगा झालाय. घरात भाताचा दाणा नाही. मी बाळंतीण, रताळी खाऊन दिवस काढले. महिनाभर बोलले नाही त्याच्याशी."

हे लामला माहीत नव्हतं. त्रेचाळीस वर्षांत त्याच्या कानावर आलं नव्हतं. त्यानं अर्धं सांगितलं आणि त्याला पुढे बोलवेना.

"थांबलास का? पुढचं पण सांग," आई म्हणाली. आता ती त्याच्याकडे सरळ बघत होती. "ज्या मुलासाठी फुकट सायकली दुरुस्त केल्या, त्यानं याला दीड वर्ष टाकीपाशी ठेवला होता, कपड्यांखाली. सांग त्याला."

"आई..."

"सांग ना. तू गाईड आहेस ना?"

न्यान खाली बघून भात चिवडत होती. म्हातारा पुढचं ऐकायला थांबला होता.

लामनं इंग्रजीत सगळं सांगितलं. एक शब्दही गाळला नाही.